उन्हाळ्यातील सायंकाळची सायकलफेरी : बेळगावच्या पश्चिम शिवारातील आडवाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, तालुक्यातील गावे आणि लगतच्या खानापूर व चंदगड तालुक्यांत राहणाऱ्या, सायकल चालवता येणाऱ्या परंतु मोठा रस्ता सोडून शिवारात कधी न शिरलेल्या प्रौढ वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. शर्यतीची तयारी किंवा दूरच्या मोहिमा यांचा येथे विचार केलेला नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत, कामधंदा आटोपून, दोन-अडीच तासांत जाऊन येण्याची फेरी एवढाच विषय आहे.

सायंकाळी निघायचे असेल तर शहरातून कोणत्या दिशेला जावे?

पश्चिमेला. या एका उत्तरावर पुढची बरीच उत्तरे अवलंबून आहेत, म्हणून त्याची कारणे थोडी सविस्तर सांगणे भाग आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि शहराच्या पश्चिमेला जमीन सह्याद्रीकडे चढत जाते. हा चढ डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण पायांना जाणवतो. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने मार्कंडेय नदीकडे पाहावे. ती पश्चिमेकडून राकसकोपच्या जलाशयात येते, तेथून हिंडलगा, कंग्राळी, काकती या गावांच्या बाजूने पूर्वेकडे उतरते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. नदी ज्या बाजूला वाहते तो आपल्या परतीचा उतार होय.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. दिवसभर पठार तापते आणि दुपारनंतर अरबी समुद्रावरून हवा आत येऊ लागते. समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असल्यामुळे सायंकाळचा हा पश्चिम वारा बेळगावकरांच्या ओळखीचा आहे. अंगणात बाजले टाकणाऱ्या पिढीला तो अधिक ओळखीचा होता. जाताना हा वारा छातीवर येतो आणि येताना पाठीवर.

तिसरे कारण सूर्याचे आहे. पश्चिमेला जाताना ऊन तोंडावर असते हे खरे, परंतु तेव्हा आपण ताजेतवाने असतो आणि सूर्य अजून वर असतो. परतीला तो पाठीशी जातो आणि समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो. चढ, वारा आणि ऊन हे तिन्ही त्रास एकाच वेळी भोगून मोकळे व्हायचे आणि तिन्हींची सोय एकाच वेळी घ्यायची, असा हा हिशेब आहे.

मग सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री या पूर्वेच्या बाजूला जाऊच नये काय?

जरूर जावे, पण सकाळी. सायंकाळी पूर्वेला गेलेला सायकलस्वार वाऱ्याच्या जोरावर भराभर पुढे जातो, आपल्या पायांत बळ आले आहे असे समजतो, ठरवलेल्यापेक्षा चार किलोमीटर अधिक जातो आणि मग थकलेल्या पायांनी, वाऱ्याविरुद्ध, मावळत्या सूर्याकडे तोंड करून परततो. अशा वेळी मागून येणाऱ्या मोटारचालकाच्या डोळ्यांवरही तेच तिरपे ऊन असते आणि पुढे चालणारी सायकल त्याला उशिरा दिसते. ही शेवटची गोष्ट गैरसोयीची नाही, धोक्याची आहे.

किती वाजता निघावे आणि कोठून परत फिरावे?

आपल्या भागात एप्रिलच्या आरंभी सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो आणि मे महिन्याच्या अखेरीस तो सातच्या आसपास जातो. आपण विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत खड्डा आणि सावली यांतला फरक कळेनासा होतो. त्यामुळे ‘सात वाजेपर्यंत परत येऊ’ हे वेळापत्रक नसून आशा आहे.

हिशेब परतीपासून उलटा मांडावा. समजा सूर्यास्त ६ वाजून ५० मिनिटांनी आहे आणि त्याच वेळी आपल्याला शहराच्या दिवाबत्तीच्या हद्दीत पोहोचायचे आहे. आडवाटांवर, थांबे धरून, नवख्या माणसाचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या वर जात नाही. १५ किलोमीटर परतायला उतार आणि वारा अनुकूल असला तरी एक तास धरावा आणि पंक्चरसाठी वीस मिनिटे वेगळी काढावीत. म्हणजे साडेपाचला सायकलचे तोंड घराकडे वळलेले असले पाहिजे, मग आपण कोठेही असू. जाताना त्याच अंतराला सव्वा तास लागेल असे धरले तर सव्वाचारला निघावे लागते, आणि एप्रिलमधल्या सव्वाचारचे ऊन काय असते हे सांगायला नको. कमाल तापमान ३५-३६ अंशांवर जाण्याचे हेच दिवस. यावर उपाय एकच, अंतर कमी करणे. पाच वाजता निघून नऊ-दहा किलोमीटरवरून परतणाऱ्याची फेरी छोटी होते, पण तिच्यात घाई नसते.

परत फिरण्याचे ठिकाण न ठरवता परत फिरण्याची वेळ ठरवावी. ठिकाण ठरवले की ‘आता एवढे आलोच आहोत’ हा विचार हमखास आड येतो.

पहिल्या फेरीसाठी कोणता मार्ग योग्य आहे?

गणेशपूर, बेनकनहळ्ळी या बाजूने बेळगुंदीकडे जाणारा रस्ता मी सर्वांत आधी सुचवीन. गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे पाणी, सावली आणि माणूस या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या अंतरावर मिळत राहतात. बेळगुंदीपर्यंत जाऊन परतले तरी पहिली फेरी पुरेशी होते. सराव झाल्यावर राकसकोपपर्यंत जावे. शहरातून हे अंतर १५-१६ किलोमीटर पडते. राकसकोपचा जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवतो. उन्हाळ्यात त्याचे पाणी आटून काठाची तांबडी माती उघडी पडते आणि त्या रुंद काठावर उतरण्याचा मोह होतो, परंतु वरून सुकलेली दिसणारी माती आत ओली असते आणि त्यात पाऊल व चाक दोन्ही रुतते. जलाशय लांबून पाहावा. त्यात पोहणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची असा वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता सर्वांना माहीत असतो म्हणून नवखे लोक तोच धरतात. त्यावर अवजड वाहतूक आहे आणि शनिवार-रविवारी आंबोलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींची भर पडते. त्याचा उपयोग उचगावच्या फाट्यापर्यंत पोहोचण्यापुरता करावा आणि तेथून उचगाव, बेकिनकेरे या बाजूच्या शांत रस्त्यांना लागावे. उचगावला मळेकरणी देवीच्या दर्शनासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी असते, हे लक्षात घेऊन वार निवडावा.

दक्षिणेला येळ्ळूरच्या राजहंसगडाची फेरी देखणी आहे. २०२३ मध्ये गडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिल्यापासून तेथे वर्दळ वाढली आहे. गडाचा चढ शेवटच्या टप्प्यात चांगलाच उभा आहे आणि उतरताना ब्रेक तापतात. नवख्याने सायकल हातात धरून चढावे. यात कमीपणा कसलाच नाही. मी आजही शेवटचे वळण चालतच चढतो.

पाणंदीतून सायकल नेता येते का? त्यासाठी कोणाची परवानगी लागते?

पाणंद ही गावाची वहिवाटीची वाट असते. बैलगाडी, गुरे आणि माणसे यांच्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या मोकळी असते आणि तेथून सायकल नेण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. बांधावरची पायवाट मात्र खाजगी शेतातली असते. पाणंद संपली आणि पुढे नुसता बांध दिसू लागला की तेथे थांबावे, जवळ कोणी असल्यास ‘मामा, ही वाट पुढं निघते काय?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून पुढे जावे. या विचारण्याचा दुहेरी लाभ आहे. वाट कळतेच, शिवाय आपण कोण आणि कोठले हेही त्या माणसाला कळते, आणि पुढे काही अडचण आली तर आपल्याला पाहिलेला एक माणूस शिवारात असतो.

मे महिन्याच्या उत्तरार्धात विशेष काळजी घ्यावी. या भागात भाताची धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पावसाआधीच कोरड्या, भुसभुशीत केलेल्या जमिनीत बी टाकले जाते. अशा शेतात वर काहीही उगवलेले नसते, त्यामुळे शहरी डोळ्यांना ते पडीक रान वाटते. त्यावरून चाक गेले तर पेरलेली ओळ दबते. कुळवलेली, सपाट, ढेकळे फुटलेली जमीन दिसली की ती पेरलेली आहे असे समजूनच चालावे. गवताच्या गंजी आणि शेणखताचे ढीग यांच्या आडोशाला बसून विडी-सिगारेट ओढणारे कोणी बरोबर असतील तर त्यांना घरीच ठेवणे उत्तम. वाळलेल्या रानाला ठिणगी पुरते.

लाल मातीची वाट चांगली की काळ्या मातीची?

कोरड्या दिवसात दोन्ही चालतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. शहराच्या पश्चिमेला आणि खानापूर तालुक्यात तांबडी, जांभ्याची जमीन आहे. तिच्यावर गोल, सुटे खडे असतात आणि वळणावर ते गोट्यांसारखे काम करतात. म्हणून वळण घेण्याआधी वेग कमी करावा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नये आणि हँडल आवळून न धरता सायकलला थोडे आपल्या मर्जीने जाऊ द्यावे. पाऊस पडून गेल्यावर तांबडी वाट तुलनेने लवकर निचरते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होतात आणि चाकोरीत शिरलेले पुढचे चाक बाहेर काढताना माणूस पडतो. चाकोरीत शिरलात तर तिच्या शेवटापर्यंत सरळ जावे. खरी परीक्षा वळिवानंतर होते. काही वर्षांपूर्वी वडगावच्या शिवारातून येळ्ळूरकडे जाताना मला अर्ध्या तासाच्या सरीने गाठले. पाऊस थांबल्यावर मी हौसेने निघालो आणि पन्नास पावलांत दोन्ही चाके जागच्या जागी थांबली, कारण चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सिमेंटसारखा भरला होता. काडीने तो उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायचा. शेवटी सायकल खांद्यावर घेतली आणि चपला हातात घेतल्या. त्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या बेळगावी बासमतीचा सुवास प्रसिद्ध आहे. त्या सायंकाळी मला तिचा नुसता चिकटपणा कळला. काळ्या मातीत पाऊस लागला तर थांबून वाट सुकण्याची प्रतीक्षा करू नये, ती त्या दिवशी सुकत नाही. मिळेल त्या जवळच्या डांबरी रस्त्याला लागावे.

सायकल कोणती असावी?

जी घरी आहे ती. साधी काळी, चोवीस इंची किंवा अठ्ठावीस इंची सायकल या वाटांवर वर्षानुवर्षे दुधाच्या किटल्या वाहत आली आहे. गिअर असल्यास चढ सोपा जातो, परंतु नऊ-दहा किलोमीटरच्या फेरीसाठी त्यांची सक्ती नाही. नवी घ्यायचीच असेल तर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीच्या टायरची घ्यावी. शर्यतीच्या सायकलचे बारीक टायर खडीवर टिकत नाहीत आणि डोंगरी सायकलचे जाड, दातेरी टायर डांबरी रस्त्यावर विनाकारण दम काढतात.

सायकलपेक्षा हवेकडे अधिक लक्ष द्यावे. टायरच्या कडेवर हवेची कमाल मर्यादा छापलेली असते. पंक्चरवाले तिला ‘पौंड’ म्हणतात. बहुतेकजण तेवढी हवा ठासून भरतात आणि मग प्रत्येक खड्याचा धक्का कमरेत घेतात. चाळीस मिलिमीटरच्या टायरला, सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या माणसासाठी, ४५ ते ५० पौंड हवा पाणंदीत पुरते. यापेक्षा फार कमी ठेवली तर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात.

पंक्चर झाल्यास काय करावे?

बाभळीचा काटा आणि बोराटीचा काटा हे दोन मुख्य शत्रू आहेत. मे महिन्यात शेताभोवतीची काट्यांची वई मोडून नवी घातली जाते आणि जुने काटे वाटेवर पसरतात. जादा ट्यूब, टायर काढण्याचे दोन चमचे, हातपंप, नट असलेले चाक असल्यास पंधरा नंबरचा पाना आणि ठिगळांची डबी एवढे सामान कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत मावते. रस्त्यावर ठिगळ लावत बसू नये. ट्यूब बदलावी आणि ठिगळाचे काम घरी करावे. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटे हळूच फिरवून काटा शोधून काढावा. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते आणि तेव्हा दोष नशिबाला दिला जातो.

जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते. उन्हाने ती तडकते आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. ती नळी अगदी स्वस्त असते. दोन-चार तुकडे जवळ ठेवावेत.

वळिवाचा पाऊस आला तर?

वळीव सायंकाळीच येतो, म्हणजे नेमका आपल्या वेळेला. दुपारी उकाडा असह्य झाला, वारा एकाएकी पडला आणि क्षितिजावर फुलकोबीसारखे ढग चढू लागले तर त्या दिवशी फेरी रद्द करावी. निघाल्यावर आकाश भरून आले तर वीज आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि लगेच पक्क्या इमारतीचा आसरा घेणे आवश्यक आहे. गावातले देऊळ, शाळेची इमारत, पक्के घर यांपैकी जे जवळ असेल तेथे आत जावे. एकट्या उभ्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली थांबणे सर्वांत वाईट, आणि दुर्दैवाने सर्वांत स्वाभाविक. पत्र्याची उघडी शेड किंवा शेतातली खोप विजेपासून संरक्षण देत नाही. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास थांबून मगच निघावे.

उघड्या माळावर आसरा नसेल तर सायकलपासून दूर व्हावे, माळाचा उंचवटा सोडून सखल भागात जावे, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. बरोबर मंडळी असल्यास घोळक्याने न बसता अंतर ठेवावे.

पाऊस थांबल्यावर रस्त्यावर मोडलेल्या फांद्या आणि तुटलेल्या विजेच्या तारा असू शकतात. तार दिसली तर ती मेलेली आहे असे समजू नये. मागे फिरावे आणि गावात सांगावे.

पाणी आणि खाणे किती घ्यावे?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. दोन तासांसाठी दोन बाटल्या, आणि त्यांपैकी एकीत लिंबू, साखर व चिमूटभर मीठ. निघण्याआधी तासभर काही जड खाऊ नये. चंदगडच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत काजूची बोंडे पडलेली असतात आणि त्यांचा आंबूस वास दूरवर येतो. मालकाने दिले तर एखादे खावे, पण घसा खवखवतो हे आधीच सांगितलेले बरे. खानापूरकडे करवंदे आणि जांभळे. परत आल्यावर मिरची भजी खायची की कुंदा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्यावर येथे मत देण्याचे धाडस मी करीत नाही.

परतताना अंधार पडलाच तर?

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा प्रत्येक फेरीला बरोबर असावा, मग आपण पाचला निघून सहाला परतणार असलो तरीही. मागचा दिवा पुढच्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण खड्डा आपल्याला इजा करतो तर मागून येणारे वाहन जीव घेते. दिवे चार्ज केलेले आहेत की नाहीत हे सकाळीच पाहावे. पांढरा किंवा पिवळा सदरा घालावा. गडद निळा आणि राखाडी हे रंग तिन्हीसांजेला रस्त्यात विरघळून जातात.

समोरून येणाऱ्या मोटारीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला तर झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी, वेग कमी करावा, गरज वाटल्यास उतरून उभे राहावे. बैलगाड्यांना आणि नादुरुस्त ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, हे गृहीत धरावे.

अंधार पडता पडता आडरस्त्यांवर रातवा हा पक्षी बसलेला असतो. दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात आणि सायकल अगदी जवळ आल्यावर तो आवाज न करता उडतो. ज्याला हे ठाऊक नसते तो दचकून हँडल वळवतो. दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घेण्यासाठी सापही येतात, त्यात घोणस असते. रस्त्यावर पडलेल्या दोरीला वळसा घालावा, ती दोरीच असली तरी. थांबल्यावर गवतात पाय ठेवण्याआधी दिवा टाकून पाहावे.

कुत्री मागे लागतात. काय करावे?

वस्तीच्या कडेची कुत्री वेगाच्या मागे धावतात. वेग कमी केला की त्यांतली बरीचशी गप्प होतात. तरीही आली तर उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. दगड उचलल्याचा नुसता आव आणला तरी पुरते. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

राज्याची सीमा ओलांडली तर काही अडचण येते का? भाषेचे काय?

सायकलस्वाराला अडचण येत नाही. बाची ओलांडून शिनोळीला पोहोचले की आपण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात असतो. सीमा कळते ती पाट्यांच्या लिपीवरून. देवरवाडीचे वैजनाथ देवस्थान आणि त्याच्या वरचा, गडातच गाव वसलेला महिपाळगड ही दोन्ही ठिकाणे त्याच तालुक्यात आहेत. सायंकाळच्या फेरीसाठी मात्र ती लांबची आणि चढाची आहेत, तेथे रविवारी पहाटे जावे. पोलीस व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. फक्त फोन लावल्यावर आपण कोणत्या राज्यातल्या, कोणत्या तालुक्यातल्या गावाजवळ आहोत हे आधी सांगावे, नाहीतर सीमेवर वेळ फुकट जातो.

पश्चिमेच्या बहुतेक गावांत मराठी चालते, पण फाट्यावरच्या अंतराच्या दगडावर नाव आणि कधी आकडेही कन्नडमध्ये असतात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी निदान एक ते दहा आकडे शिकून घ्यावेत, अर्ध्या तासाचे काम आहे. बोलताना ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे, ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे, ‘नीरु’ म्हणजे पाणी आणि ‘एष्टु दूर’ म्हणजे किती लांब, एवढे शब्द आले तरी वाट चुकत नाही.

जांबोटी किंवा खानापूरच्या जंगलाकडे सायंकाळी जावे का?

जाऊ नये. किणयेपर्यंत ठीक आहे. त्यापुढे रान दाट होत जाते, वस्त्या विरळ होतात आणि मोबाईलची रेंज भरवशाची राहत नाही. खानापूर तालुक्यात गवे आणि अस्वले आहेत, अधूनमधून हत्तीही येतात, आणि या सर्वांची बाहेर पडण्याची वेळ तिन्हीसांज हीच आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. मेच्या अखेरीस त्या बाजूला काजवे पाहायला जाण्याची टूम निघते. काजवे पाहावेत, पण मोटारीने किंवा मुक्काम करून, आणि दिवे विझवून. सायकलने रात्री परतण्याचा तो रस्ता नव्हे.

गावच्या यात्रेच्या दिवसांत फेरी करावी का?

एप्रिल आणि मे हे गावोगावच्या लक्ष्मी यात्रांचे दिवस आहेत. यात्रेच्या दिवशी गावातला रस्ता माणसांनी, पाळण्यांनी आणि पाहुण्यांच्या मोटारसायकलींनी भरलेला असतो; सायकलवरून उतरून चालावे किंवा तो मार्गच टाळावा. यात्रेआधी काही गावे वार पाळतात. त्या वारी शेतातली कामे बंद असतात आणि एरवी गजबजलेल्या शिवारात चिटपाखरू दिसत नाही. वाट विचारायला कोणी भेटणार नाही, हे त्या दिवशी धरून चालावे.

स्त्रियांनी किंवा एकट्या व्यक्तीने जावे का?

माझ्या ओळखीच्या तीन मैत्रिणी गेली कित्येक वर्षे बेळगुंदीच्या रस्त्याने जातात. त्यांचा नियम असा की मार्ग घरी सांगायचा, परत फिरण्याची वेळ सांगायची आणि त्या वेळी एक निरोप पाठवायचा. पाणंदीत दोघींपेक्षा कमी जणींनी शिरायचे नाही. हा नियम पुरुषांनाही लागू करावा असे माझे मत आहे. काटा रुतल्यावर, घोटा मुरगळल्यावर किंवा चेन तुटल्यावर सोबतीची गरज सर्वांना सारखीच पडते.

दोघांपेक्षा जास्त असल्यास रस्त्यावर एकामागे एक चालावे. गप्पा पाणंदीसाठी राखून ठेवाव्यात.

लहान मुलांना नेता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या, स्वतःची सायकल सांभाळणाऱ्या मुलांना पाच-सहा किलोमीटरपर्यंत न्यावे. मोठ्यांपैकी एकाने पुढे आणि एकाने सर्वांच्या मागे राहावे, आणि वेग पुढच्याने नव्हे तर सर्वांत लहान मुलाने ठरवावा. शिरस्त्राण सर्वांनी घालावे, मोठ्यांनीही.

ही फेरी कधीपर्यंत चालू ठेवता येते?

मृगाचा पाऊस लागेपर्यंत. वळिवाच्या दोन-चार सरी झाल्या की तांबड्या वाटा दबून बसतात, धूळ मरते आणि मेचा शेवटचा आठवडा सबंध मोसमातला सर्वांत चांगला ठरतो, मात्र रोज दुपारी आकाश पाहून निघावे लागते. जूनमध्ये संततधार लागली की पाणंदीत गुडघाभर चिखल होतो आणि त्या वाटांवर बैल-नांगरांचा हक्क सुरू होतो. त्यानंतर चेन रॉकेलने धुऊन, पुसून, तेल देऊन सायकल पडवीत भिंतीला टेकवून ठेवावी आणि टायर जमिनीला चिकटून तडकू नयेत म्हणून दर पंधरवड्याला हवा पाहावी.